पाणी फिरतंय, वारा नाही

मोठा चढ जिथे सुरू होतो तिथे, पहिल्या वळणाच्या जरा अलीकडे, आत्याचं गॅरेज आहे. ती कुणाकुणाची आत्या हे विचारण्यात अर्थ नाही. सख्खा भाचा एकच, पण या रस्त्यावर ट्रक चालवणारा जो तो तिला आत्याच म्हणतो, अगदी तिच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेले ड्रायव्हरसुद्धा. त्या ओघाने तिचे यजमान सगळ्यांचे आतोबा झाले. ते सुट्या भागांचं दुकान सांभाळतात, चहा करतात आणि बायकोची थट्टा करतात. तिन्ही कामं मन लावून. एकदा गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्यांनी स्वतःच "आत्या, मोठा पाना कुठे ठेवलायस?" अशी हाक मारली होती. तेव्हा पिकलेला हशा आत्याने एका नजरेत बंद केला, पण विसरलं कुणीच नाही.

बाईमाणूस डिझेल इंजिनाच्या पोटात हात घालते याचं नवल वाटायचे दिवस केव्हाच सरले. गॅरेज वडिलांचं. थोरला भाऊ आणि ती, दोघंही वडिलांच्या हाताखाली शिकले. "याचा हात चांगला आणि हिचं डोकं. दोघं मिळून एक मेकॅनिक होतो," असं वडील म्हणायचे. पुढे वडील गेले, मग अवेळी भाऊही गेला, आणि हात नि डोकं दोन्ही तिलाच चालवावं लागलं. नवखे ड्रायव्हर दारात उभे राहून "मेकॅनिक कुठे गेले?" असं विचारायचे, तेव्हा गाडीखालून आवाज यायचा, "कुठे जातायत? तुमच्या पायाशीच आहेत. बोला." तिला आपल्या कामाचा गर्व आहे का? आहे. ज्याला काम येतं त्याने मान खाली घालून का हिंडावं, असं तिचं म्हणणं, आणि ते चुकीचं कोण म्हणेल?

एकच काटा तिच्या पायात रुतून बसला होता, तो भाच्याचा. भावामागे तो तिच्याच नजरेखाली वाढला. गॅरेज पुढे त्यानेच चालवायचं, हे आत्याने मनात पक्कं करून टाकलं होतं. फक्त ठरवताना त्याला विचारायचं राहून गेलं. हाताशी आला तेव्हा त्याने ट्रकचं लायसन काढलं आणि सांगून टाकलं, "आत्या, मला गाडी खोलायची नाही. मला गाडी चालवायची आहे."

"आपल्या घरात गाड्या बऱ्या करतात," आत्या म्हणाली. "हाकत नाहीत."

तो गेला आणि एका मालकाकडे ड्रायव्हर म्हणून लागला. काही वर्षांनी मालकाने नवा कोरा ट्रक त्याच्या हवाली केला, तेव्हा तो मोठ्या हौसेने आत्याला दाखवायला घेऊन आला. आत्या दुसऱ्या एका गाडीच्या गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत हात घालून बसली होती. "हात तेलकट आहेत," एवढंच म्हणाली आणि बाहेर आली नाही. मेकॅनिकचे हात तेलकट नसतात कधी? पण राग आला की माणसाला कुठलंही कारण पुरतं.

तेव्हापासून येणं-जाणं, जेवणखाण, आजारपणात धावून जाणं सगळं नीट चाललं होतं, फक्त त्या ट्रकचा विषय निघत नसे. आत्या त्याच्या केबिनमध्ये कधी बसली नाही आणि त्यानेही ती गाडी कधी तिच्या दाराशी लावली नाही. दोघं एकाच मातीचे. कुणी कुणाला समजवायचं?

मग गाडी तापायला लागली.

भाच्याचं काम रोजचं आणि ठरलेलं. चढाच्या पायथ्याशी मोठी पिठाची गिरणी आहे, तिथून कोंड्याची पोती भरायची आणि वर पठारावर जनावरांच्या खाद्याचा कारखाना आहे, तिथे उतरवायची. गाडी सपाट रस्त्यावर सोन्यासारखी चाले. भरून चढाला लागली की मात्र चार वळणं होतात न होतात तोच पाण्याच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागे. मग गाडी कडेला घ्यायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा निघायचं, पुन्हा थांबायचं. कारखान्यात माल उशिरा पोहोचला की तिथून मालकाला फोन जाई, आणि मग इंजीन थंड झालं तरी मालक थंड होत नसे.

गाडी एका गॅरेजात गेली. त्यांनी रेडिएटरकडे पाणी सोडणारा थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या गॅरेजात गेली. त्यांनी पाण्याचा पंप बदलला आणि औषध घालून रेडिएटर आतून धुऊन काढला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली, तिथे त्यांनी संगणक जोडून सगळं तपासलं आणि इंजिनात काही बिघाड नाही असं सांगितलं. एवढं सगळं होऊनही गाडी चढावर तापायची ती तापतच राहिली. शेवटी मालकाने आपल्या मेहुण्याला स्टिअरिंगवर बसवलं. मेहुण्याची या गाडीवर फार दिवसांपासून नजर होती. त्याने ऊन चढायच्या आत, निम्मीच पोती भरून, गाडी वर नेली आणि खाली आणली. काटा जागचा हलला नाही.

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. "नाचता येईना अंगण वाकडं," मालक भाच्याला सगळ्यांदेखत म्हणाला. "गाडीत खोट नाही, चालवणाऱ्याच्या पायात आहे. आणखी एकदा तापली की किल्ली मेहुण्याकडे. तू गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बस."

किल्ली जाण्याचं दुःख होतंच. त्याहून वाईट म्हणजे भाच्याला मालकाचं म्हणणं हळूहळू खरं वाटू लागलं. ज्या वळणाला तो डोळे मिटून गिअर टाकायचा तिथे त्याचा हात घुटमळू लागला. आपल्याला हे काम येतच नव्हतं की काय, असं एकदा त्याने आतोबांना विचारलं. आतोबांनी ते आत्याच्या कानावर घातलं. त्या दिवशी आत्याने एक चांगला नट इतका पिळला की त्याचे आटेच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याची गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली. मालकाने कोंडा दुसऱ्या गाडीत भरायला सांगितला होता आणि याच्या गाडीत विटा भरल्या होत्या. उशीर झाला तरी विटा काही ओरडत नाहीत. संध्याकाळी आपण स्वतः येऊ, तोवर गाडी नीट झालेली दिसली नाही तर किल्ली काढून घेऊ, असंही बजावलं होतं. भाचा खाली उतरला, आतोबांकडून चहा घेतला, उन्हाविषयी बोलला, रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी बोलला.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?" आत्या हात पुसत म्हणाली. "कुठल्या वळणावर तापते?"

"बघशील?"

"विचारतेय म्हणजे बघणारच ना. बोल."

मग प्रश्नांची फैर झडली. पाणी कमी होतं का? नाही. धूर काळा येतो का? नाही. रिकामी असताना? नाही तापत. वर पठारावर पोहोचल्यावर? हळूहळू उतरते. आत्याने इंजीन गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि पाण्याकडे बघत राहिली. बुडबुडे येत असते तर इंजिनाचं डोकं फुटलंय असं झालं असतं. पाणी देवासारखं शांत. ऑइलची काडी ओढून पाहिली, ऑइल स्वच्छ. गाडी थोडी पुढे-मागे फिरवायला लावून तिने चाकांना हात लावला. ब्रेक चिकटत असले तर चाकं गरम लागतात. चाकं गारच होती.

"सापडलं," ती म्हणाली. "एक्झॉस्ट ब्रेकची झडप अडकतेय. धुराला वाट नाही, म्हणून चढावर दम कोंडतो."

ती इतक्या ठामपणे म्हणाली की आतोबांनी दुकानातून नवी झडप काढून पुसायलाही घेतली. आत्याने गाडीखाली सरकून जुनी झडप खोलली, बोटाने फिरवली. लोण्यासारखी फिरली. पुन्हा फिरवली. पुन्हा लोणी.

"नवी ठेवून देऊ का फडताळात?" आतोबांनी अगदी निरागस चेहऱ्याने विचारलं.

"ठेवा. आणि तोंडाला पानं पुसल्यासारखा चेहरा नका करू. एक गोष्ट नाही हे कळलं, हेही काम झालंच की." आत्या गाडीखालून बाहेर आली, अंगावरची माती झटकली आणि भाच्याकडे न बघता म्हणाली, "चढाला लाव. मी बसते."

आतोबांच्या हातातली झडप तशीच राहिली. भाच्याने पलीकडचं दार उघडलं.

केबिन आरशासारखी स्वच्छ होती. काचेवर एक डाग नाही, पायाशी एक खडा नाही. आत्या सीटच्या कडेवर बसली, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. खरं सांगायचं तर तिच्याही मनात शंकेची पाल चुकचुकत होती. मालक शिव्या देतो तो अगदीच वेडा नसेल. पोराचा पाय जड असेल, मोठ्या गिअरमध्ये इंजीन रडवत असेल, तर गाडी तापणारच. आपल्या माणसाची बाजू घ्यायची म्हणून ती निदान फिरवणार नव्हती. म्हणून ती काट्याकडे कमी आणि त्याच्या हातापायांकडे जास्त बघत होती.

पहिलं वळण आलं. इंजिनाचा दम संपायच्या आधीच त्याने गिअर उतरवला होता. दुसऱ्या वळणाला बाहेरून फिरून आत आला, चाकाला उगाच ओढ दिली नाही. चौथ्या वळणाशी समोरून बस आली तेव्हा त्याने ती लांबूनच हेरून वेग असा मोजून ठेवला की ब्रेकला पायही लागला नाही. इंजीन एका सुरात चाललं होतं, रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. आत्याने जन्मभर गाड्यांचे आवाज ऐकले होते, पण त्या उभ्या असताना. भरलेला ट्रक चढावर कुणी असा अलगद नेऊ शकतो हे तिने कधी शेजारी बसून पाहिलंच नव्हतं. तिचा ऊर भरून आला आणि लगेच स्वतःचा राग आला, की एवढी वर्षं आपण तेलकट हातांचं निमित्त करून हे बघायचं टाळलं. पण तेवढ्यात काटा हलला.

"आला बघ," भाचा म्हणाला. "मी कुठे चुकतोय, सांग ना."

"हीटर लाव."

"काय?"

"केबिनचा हीटर. पूर्ण."

बाहेर ऊन रणरणत होतं. त्यात हीटर लावला तशी केबिनची भट्टी झाली. पण आत्याने हवेच्या झरोक्यावर हात धरला आणि तिचा चेहरा उजळला. हवा कढत येत होती आणि काटा किंचित मागे आला होता. म्हणजे गरम पाणी इंजिनातून निघून इथवर नीट पोहोचत होतं. पंप चांगला, थर्मोस्टॅट चांगला, वाट मोकळी. उष्णता पाण्यातून बाहेर पडत नव्हती, एवढंच.

आणि मग तिला वास आला. खमंग, भाजल्यासारखा.

"हा वास रोज येतो?"

"येतो की. मागे कोंडा असतो ना."

"आज मागे विटा आहेत," आत्या म्हणाली. "विटांना भाजल्या पिठाचा वास येतो का रे? आणि गाडी पुढे चाललीय. मागचा वास पुढे कसा येईल?"

भाच्याने तिच्याकडे पाहिलं. पुढच्या रुंद जागेत त्याने गाडी कडेला घेतली. इंजीन झटकन बंद न करता त्याने ते जरा वाढवून चालूच ठेवलं, हेही आत्याने टिपून घेतलं. घाबरट ड्रायव्हर पहिल्यांदा किल्ली फिरवतो आणि आतलं पाणी जागच्या जागी उकळतं. ती खाली उतरली, डॅशबोर्डवरचा वर्तमानपत्राचा एक कागद घेतला आणि गाडीच्या तोंडावरच्या जाळीवर ठेवून हात काढून घेतला.

चांगल्या गाडीचा पंखा आतून असा वारा ओढतो की कागद जाळीला चिकटून बसतो. हा कागद दमल्यासारखा घसरला आणि तिच्या चपलेवर पडला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. आत पंखा तर जिवाच्या आकांताने गरगरत होता.

"पाणी फिरतंय, वारा नाही," आत्या म्हणाली. "गाडी थंड झाली की खाली घे. तुझ्या गाडीचं नाक चोंदलंय."

"नाक? आत्या, पुढची जाळी बघ की. रोज धुतो मी."

जाळी खरंच लखलखत होती, आत्याने वाकून पाहिलं. पण ट्रकच्या तोंडाशी एकामागे एक अशा दोन जाळ्या असतात. पुढचा इंटरकूलर, तो इंजिनाला जाणारी हवा गार करतो. त्याच्या पाठीला जवळजवळ चिकटून रेडिएटर, तो पाणी गार करतो. दोन्हींच्या मधे बोटभर फट. समोरून बघणाऱ्याला पुढचाच दिसतो, आणि तो स्वच्छ असला की त्याच्या मागे कुणी बघत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खाली आल्यावर त्यांनी इंटरकूलरचे बोल्ट काढले. भाच्याला पाना धरायला सांगावं लागलं नाही; हात अजून विसरले नव्हते. दोघांनी मिळून इंटरकूलर पुढे झुकवला आणि आतोबा विजेरी घेऊन आत डोकावले.

"अगं बाई!" एवढंच ते म्हणाले.

रेडिएटरचं तोंड दिसतच नव्हतं. त्यावर तपकिरी रंगाचा जाड थर बसला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आत्याने पान्याच्या मागच्या टोकाने ठोकलं तर टकटक वाजला. तिने एक कपची मोडून नाकाला लावली, मग भाच्याच्या नाकाशी धरली. कोंडा. गिरणीच्या आवारात कोंड्याची धूळ हवेत तरंगत असते. गाडी तिथे इंजीन चालू ठेवून उभी राहते, पंखा ती धूळ ओढून घेतो. एवढ्याने फार बिघडत नाही, सुकी धूळ वाऱ्याने निम्मी उडून जाते. पण या धुळीत कुणीतरी रोज पाणी घातलं होतं. नुसतं घातलं नव्हतं, पुढून जोराने आत दाबलं होतं. पिठाची कणीक झाली, रेडिएटरवर थापली गेली आणि चढावर रोज भाजून निघाली.

"कशाने धुतोस?" आत्याने विचारलं.

भाच्याला कळलं होतं. त्याचा चेहरा उतरला. "मालकाने जोराचा पंप आणलाय. धुवायचा. त्याने."

"रोज?"

"रोज संध्याकाळी. पुढून. चकाचक दिसावी म्हणून."

"अति तिथे माती," आतोबा हळूच म्हणाले, आणि या वेळी त्यांनाच ते बोलल्याचं वाईट वाटलं.

भाचा मागच्या चाकाला टेकून बसला. म्हणाला, "म्हणजे शेवटी माझाच दोष. मालक म्हणत होता तेच खरं निघालं. आत्या, तू त्याला सांग की गिरणीच्या धुळीने झालं. ते खोटं थोडंच आहे?"

"अर्धं आहे. धूळ गिरणीची, दाब तुझा. मी अर्धं निदान कुणाला सांगत नाही."

"मग किल्ली गेलीच माझी!"

"ऐक." आत्या त्याच्यासमोर उकिडवी बसली. "मालक काय म्हणत होता? तुला चढावर गाडी नेता येत नाही. ते साफ खोटं आहे, मी शेजारी बसून पाहिलंय. तू गाडी चालवतोस उत्तम आणि धुतोस वाईट. चालवायला वर्षं लागतात. धुवायचं मी तुला चहा गार व्हायच्या आत शिकवते."

आत्याने भाच्याला उत्तम म्हटलं होतं, पण आत्ता ते त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचायला वाट नव्हती. दुपारभर दोघं काम करत होते. आत्याने थर साध्या पाण्याने भिजवून मऊ केला, लाकडी पट्टीने सोडवला, आणि मग पंख्याच्या बाजूने, म्हणजे मागून पुढे, पाण्याची बारीक धार सोडली. "घाण जिकडून आली तिकडूनच बाहेर काढायची. पुढून मारलंस की आत ढकललंस. आणि रेडिएटरचे पत्र्याचे पापुद्रे केसांसारखे नाजूक असतात, जोराच्या धारेने वाकतात." वाकलेले पापुद्रे भाच्याने एकेक करून सरळ केले. ते त्याला तिने सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मालक आला. मालक तसा वाईट माणूस नव्हे, घाईतला माणूस. गाडीतून उतरता उतरताच त्याने हात पुढे केला, किल्लीसाठी. "काय म्हणते आत्या? सापडलं का काही, का मी म्हणतो तेच?"

आत्याने तोंड उघडलं. पण भाचा तिच्याआधी बोलला.

"मालक, हे मी केलं." त्याने टोपलीतला थराचा एक मोठा तुकडा उचलून मालकाच्या पुढे धरला. "रोज पुढून जोराचा पंप मारत होतो. कोंडा आत जाऊन बसला. गाडी त्यानेच तापत होती. दुसरं काही नाही."

आत्याला वाटलं, भाऊ असता तर आज त्याला हे बघायला मिळालं असतं. तिला फार अभिमान वाटला आणि तो लपवायला ती उगाच पाने गोळा करू लागली.

मालक तुकडा उलटसुलट करून बघत होता. त्याची घाई कुठल्या कुठे गेली. गोदामात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने हीच गाडी दाखवली होती, "बघा, आमची गाडी कशी ठेवतो आमचा माणूस," असं म्हणून. जोराचा पंपही त्यानेच हौसेने घेतला होता.

"बाकीच्या गाड्या कोण धुतं?" आत्याने विचारलं.

"ज्याची तोच," मालक म्हणाला, आणि जरा थांबून, "मीच सांगितलं सगळ्यांना, याच्यासारखी धुवा म्हणून." मग आणखी थांबून, "परवापासून मेहुण्याची पण तापायला लागलीय. मला वाटलं, जुनी झाली."

आतोबांना खोकल्याची उबळ आली आणि ते दुकानात निघून गेले.

"तरी मला नुसतं बोलणं नको," मालक अखेर म्हणाला. "उद्या भर उन्हात, पूर्ण कोंडा भरून, चढावर. मी स्वतः बसणार. आत्या, तुम्ही पण बसायचं. काट्यावरून नजर हलवायची नाही. तापली, तर माझा शब्द मी पाळणार."

"बसते की," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं. गाडी पोत्यांनी शिगोशीग भरली होती. केबिनमध्ये भाचा स्टिअरिंगवर, मालक खिडकीशी, आणि काटा नीट दिसावा म्हणून आत्या मधे. निघताना भाच्याने तळहात पँटला पुसले. मालकाने ते पाहिलं. आत्याने पाय लांब केले आणि मागे रेलून बसली.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं-चौथंही गेलं. जिथे काटा हमखास सरकायचा ती जागा आली. मालक पुढे झुकून बघत होता. काटा मधोमध उभा होता. भाच्याच्या कपाळावर घाम होता, आणि त्याचा हात गिअरच्या दांड्यावर एक क्षण घुटमळला, मालकाच्या शिव्यांनी लागलेल्या सवयीने. पण इंजिनाचा सूर त्याच्या ओळखीचा होता. त्याने गिअर उतरवला आणि गाडी वळणाला लागली.

तेवढ्यात मालकाच्या खांद्यावर काहीतरी जड पडलं. आत्याचं डोकं होतं. ती गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. बारीक घोरतही होती. मालक अवघडून गेला. हलावं तर बाईमाणूस जागं होणार, न हलावं तर काट्याची जबाबदारी एकट्यावर. बरीच वळणं त्याने तशीच, खांदा ताठ धरून काढली. वरच्या अवघड वळणाशी मात्र त्याला राहवेना.

"आत्या! अहो आत्या! काटा बघायला आणलंय ना तुम्हाला?"

आत्याने एक डोळा उघडला. काट्याकडे पाहिलंच नाही, भाच्याकडे पाहिलं.

"हा चालवतोय ना?" ती म्हणाली. "मग मी कशाला जागू?"

भाच्याने मान वळवली नाही. त्याचे डोळे रस्त्यावर होते आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. समोर चढ आणखी उभा झाला. त्याने गिअर बदलला, भरलेला ट्रक हिसका न देता वर निघाला, आणि मधल्या सीटवर आत्या केव्हाच पुन्हा झोपली होती.